झाकली मूठ आणि मातीच्या चुली

आपल्या भाषेत दोन म्हणी शेजारी शेजारी नांदतात. पण त्यांचे एकमेकींशी मुळीच पटत नाही. एक म्हणते, 'झाकली मूठ सव्वा लाखाची'. दुसरी म्हणते, 'घरोघरी मातीच्या चुली'. पहिली घरातले घरातच ठेवायला सांगते. दुसरी म्हणते, अरे वेड्या, झाकतोस काय, सगळ्यांची गत सारखीच! आपल्याच आयुष्यावर लिहू पाहणाऱ्याच्या मनात या दोघींचे भांडण सदैव चाललेले असते.

वाचकाला लेखकाच्या घरात डोकावायला आवडते, यात त्याचा दोष नाही. दुसऱ्याच्या चुलीचा धूर पाहिला, की आपल्या डोळ्यांतल्या पाण्याची लाज वाटेनाशी होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांचा तापट, लहरी स्वभाव, त्यांचे १८९५ मधील धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट, हे सारे त्यांच्या संसारातलेच. तरी ते वाचून टिळकांविषयीचा आदर उणावलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. बाई नवऱ्याला हसतात, तशाच स्वतःलाही हसतात.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी नरसी आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून आम्ही ते मानतो. वर्गात नामदेव शिकवताना मला त्यांच्या भक्तीइतकेच त्यांच्या घराचेही नवल वाटते. नामदेवांच्या गाथेत एकटे नामदेव बोलत नाहीत. त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावाचे अभंगही तेथे आहेत. आई विठ्ठलाशी भांडते, की माझा मुलगा मला परत दे. बायको घरातल्या दारिद्र्याचे गाऱ्हाणे रखुमाईपाशी नेते. सुमारे सातशे वर्षे लोक नामदेवांचे नाव भक्तीने घेत आले. पण म्हणून राजाईचे गाऱ्हाणे कोणी गाथेतून पुसून टाकले नाही.

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. माझ्या घरातल्या एका माणसावर पूर्वी मोठा प्रसंग गुदरला. तो कोणता, हे मी येथे सांगत नाही. सांगावे की नाही, हाच तर प्रश्न आहे. त्यावर कादंबरी लिहावी, असे गेली दोन वर्षे मनात घोळते आहे. ते दुःख मीही भोगले. पण त्याचा सातबारा माझ्या एकट्याच्या नावावर नाही. मी नाव बदलीन, गाव बदलीन. आमची आळी मात्र पहिल्या पानावरच ओळखील. हारतुरे मला मिळतील, आणि बाजारात खाली मान घालून चालावे लागेल त्या माणसाला.

मग गप्पच बसावे काय? तसेही नव्हे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, तेव्हा आपली लक्तरे वेशीवर टांगली म्हणून त्यांच्याच समाजातले काही लोक रागावले. पण ज्यांनी ती लक्तरे नेसायला लावली, त्यांची लाज लिहिणाऱ्याने का वाहावी? झाकलेली मूठ पुष्कळदा मारणाऱ्याची असते. सासुरवासाने पिचलेल्या मुलीने छळणाऱ्याची परवानगी घेऊन मग लिहावे, असे कोणता शहाणा म्हणेल?

म्हणून मी माझ्यापुरता एक नेम बांधला आहे. आपल्याहून बलवानाविषयी लिहायला धैर्य लागते. आपल्याहून दुबळ्याविषयी लिहायला परवानगी लागते. आज हातातल्या फोनवरून घरचे बारसे, आजारपण, रुसवेफुगवे घटकाभरात गावभर होतात. तेव्हा हा नेम केवळ लेखकांचा उरलेला नाही. पाळण्यातल्या लेकराला 'नको' म्हणता येत नाही. त्याच्या वतीने ते आपणच म्हणायला हवे.

वाचकहो, दिवाळीला आमचे सारे घर एकत्र येते. फराळाची ताटे उचलली गेली, की मी त्या माणसाशेजारी बसणार आहे आणि एवढेच विचारणार आहे, "लिहू का?" नको म्हटले, तर वही मिटून ठेवीन. हो म्हटले, तर राजाईसारखे ते गाऱ्हाणे ज्याचे त्याच्याच तोंडून येऊ देईन.