कंसातले नाव

उदगीरच्या आमच्या घरात, एकाच खोलीत, तीन पिढ्या जन्मल्या. पण तीन जिल्ह्यांत. वडील बीदर जिल्ह्यात, मी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि पुतण्या लातूर जिल्ह्यात. घर जागचे हलले नाही. १९५६ साली उदगीर तालुका बीदरमधून उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, इतकेच.

पुतण्या सध्या नांदेडला संगणकाचे काम करतो. त्याच्या यंत्रात घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद आपोआप होते. ती डबीत डबी ठेवावी तशी असते. 'अर्जदार' या डबीत त्याचे 'नाव' आणि 'पत्ता'. पुन्हा 'पत्ता' या डबीत गावाचे 'नाव'. घोटाळा नको म्हणून त्याने आतल्या 'नाव'चे 'गाव' केले. बाहेरच्याला हात लावला नाही. काम चोख होते. पण आठवड्याने 'गाव' म्हणून शोध घेतला, तेव्हा जुनी एकही नोंद पुढे येईना. यंत्राने चूकही दाखवली नाही. ते फक्त म्हणाले, काही नाही.

"काका, जुन्या नोंदींतही नाव बदलून टाकू का?" त्याने विचारले.

हो म्हणावेसे वाटले. वडिलांची नोंद शोधताना एका कचेरीत हेच 'काही नाही' मी ऐकले होते. शोध लातूर म्हणून चालला होता. नोंद बीदरखाली होती. सत्तर वर्षे वावरलेला माणूस क्षणभर जन्मलाच नव्हता!

तरीही मी नको म्हणालो. नोंद ही साक्ष असते. साक्षीदाराचे त्या दिवशीचे शब्द आज आपल्या सोयीसाठी फिरवले, तर उद्या त्याच्यावर विश्वास कोणी ठेवावा? वडील जन्मले तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. मग ते त्यात जन्मले हे खरे कसे?

मग शोधणाऱ्याने काय करावे? आपला तलाठी ते केव्हाच शिकला आहे. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला तो कंस करत असे आणि फेरफाराचा क्रमांक लिहीत असे. नाव बदलण्याचा हक्क आहे. पण जुन्या नावापर्यंतची वाट राखण्याचे ओझे बदलणाऱ्यानेच वाहायचे, शोधणाऱ्याने नव्हे.

पुतण्याने जुन्या नोंदी तशाच ठेवल्या, बदलाची तारीख लिहिली आणि शोध दोन्ही नावांनी होईल अशी तजवीज केली.

वडिलांच्या कागदावर अजून बीदरच आहे. मागे, पेन्सिलीने, मी लातूर लिहून ठेवले आहे, कंसात.