प्रागभावाची खरेदी

बांधकाम चालू असलेल्या मनोऱ्यातील सदनिका विकत घेणाऱ्याने नेमके काय विकत घेतलेले असते, हा प्रश्न वरवर वकिलांचा वाटला, तरी त्याच्या तळाशी भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेली एक अडचण आहे: जे अजून अस्तित्वातच आलेले नाही, त्याच्याशी आज कोणाचा कोणता संबंध जडू शकतो? सात मजली सोसायटीच्या बाबतीत ही अडचण दोन-तीन वर्षांत आपोआप मिटते. तीनशे मीटरच्या आसपास जाणाऱ्या मनोऱ्यात मात्र पाया पहिल्या दिवसापासून पूर्ण उंचीच्या हिशोबाने घालावा लागतो, वाऱ्याचा जोर पेलणाऱ्या गाभ्याच्या भिंती स्लॅबमागून स्लॅब चढवाव्या लागतात, आणि लिफ्ट व अग्निशमन यंत्रणा सिद्ध झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची पालिकेची परवानगी, मिळत नाही. त्यामुळे पैसे देणे आणि ताबा मिळणे यांत आठ-दहा वर्षेही जाऊ शकतात, आणि प्रश्नाला धार येते ती याच अंतरात.

सांख्य दर्शनाचा सत्कार्यवाद असे मानतो की कार्य कारणात आधीपासून अव्यक्त रूपाने असतेच. उत्पत्ती म्हणजे केवळ त्याचे प्रकट होणे. विकासकांची जाहिरातपत्रके या अर्थाने पक्की सांख्य असतात, कारण त्यांत पंचावन्नाव्या मजल्यावरून दिसणारा समुद्र वर्तमानकाळात वर्णिलेला असतो. न्याय-वैशेषिकांची भूमिका, असत्कार्यवाद, याच्या उलट, आणि खरेदीदाराला अधिक उपयोगाची आहे. त्यांच्या मते घट घडण्यापूर्वी मातीत घट नसतो, घटाचा प्रागभाव असतो. प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव, ज्याला आरंभ नाही, पण वस्तू उत्पन्न होताच ज्याचा अंत होतो. याहून वेगळा अत्यंताभाव, म्हणजे तिन्ही काळांत नसणे, जसे वायूत रूप नसते. ज्या वस्तूचा अभाव सांगितला जातो तिला त्या अभावाचा प्रतियोगी म्हणतात, आणि प्रतियोगी सांगितल्याशिवाय अभावाचे ज्ञान होत नाही.

या भेदाचे महत्त्व शिकागोत दिसते. सान्तियागो कालात्रावा यांनी आखलेल्या, 150 मजली आणि सुमारे 610 मीटर उंच अशा शिकागो स्पायर या निवासी मनोऱ्याचे काम 2007 मध्ये सुरू झाले, त्यातील अनेक घरे आगाऊ नोंदलीही गेली, पण 2008 च्या आर्थिक अरिष्टात काम थांबले ते कायमचेच, आणि जमिनीत पायाचा प्रचंड गोल खड्डा तेवढा उरला. जे कधीच उत्पन्न झाले नाही, त्याचा प्रागभाव होता असे नैयायिक म्हणू शकत नाही. म्हणजे तेथील खरेदीदारांनी ज्याला प्रागभाव समजून पैसे भरले, तो अत्यंताभावच होता. आणि कठीण बाब ही की पैसे भरण्याच्या क्षणी हे दोन अभाव कोणत्याही प्रमाणाने, प्रत्यक्षाने वा अनुमानाने, खात्रीपूर्वक वेगळे ओळखता येत नाहीत.

यात आणखी एक गुंता आहे. न्यायमतात कापडाचे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य राहते ते, तंतू, आणि विणकर, माग इत्यादी निमित्त कारणे, म्हणजे कार्य घडवून आणणारी. मनोऱ्याच्या निमित्त कारणांत मात्र स्वतः खरेदीदाराची मागणी मोडते, कारण एकेका स्लॅबमागे येणाऱ्या त्याच्या हप्त्यांतूनच पुढचा स्लॅब पडतो. लोकांचा विश्वास बसला तर मनोरा होतो, आणि मनोरा होणार असेल तरच तो विश्वास यथार्थ ठरतो. जो गुंतवणूकदार आरंभी नोंदणी करून ताब्यापूर्वीच विकून मोकळा होतो, त्याचे तर घराशी काहीच देणेघेणे नसते. त्याचा नफा प्रागभावाच्या कालावधीतच संभवतो. अशा मागणीवर उभा राहणारा मनोरा जितका उंच, तितका तो राहणाऱ्यांच्या गरजेपासून दूर, हे येथे नमूद करणे भाग आहे.

आजचे कर्म आणि दूरचे फळ यांच्यामधील पोकळी मीमांसकांनी अपूर्व मानून भरून काढली. अपूर्व म्हणजे यज्ञ संपल्यावरही टिकून राहणारी आणि फळापर्यंत नेणारी अदृश्य शक्ती. भारतीय कायद्याला मात्र हा दुवा दृश्य करावा लागला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार विक्रीच्या नुसत्या करारातून मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, ही भूमिका असत्कार्यवादाच्या अगदी जवळची आहे. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन व विकास, कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली, जमा रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ती जमीन व बांधकाम यांवरच खर्चण्याचे बंधन घातले, आणि विलंब झाल्यास व्याज देणे आवश्यक केले. 2018 मध्ये दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन घरखरेदीदार वित्तीय धनको ठरला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याने घर घेतलेले नसून विकासकाला एक प्रकारे कर्ज दिलेले आहे. वस्तूविषयी निर्णय होत नाही असे दिसताच कायद्याने वस्तू बाजूला ठेवून माणसा-माणसांतील ऋण हाती धरले, ही चाल तात्त्विकदृष्ट्या प्रामाणिक म्हणावी लागेल.

तरीही प्रतियोगीचा प्रश्न राहतोच. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर 2011 मध्ये काम सुरू झालेला वर्ल्ड वन हा मनोरा 442 मीटरचा म्हणून योजला होता; विमान वाहतुकीच्या कारणास्तव तेवढ्या उंचीची परवानगी न मिळाल्याने तो सुमारे 280 मीटरवर पूर्ण झाला. जो उभा राहिला तो जाहीर केलेल्या मनोऱ्याच्या प्रागभावाचा प्रतियोगी आहे, की त्याच भूखंडावर उत्पन्न झालेले दुसरेच कार्य? रेरा अशा प्रसंगी प्रकल्पाच्या मंजूर आराखड्यात फेरबदल करण्यासाठी दोन-तृतीयांश खरेदीदारांची पूर्वसंमती मागतो, म्हणजे वस्तू तीच राहिली की बदलली याचा निवाडा बहुमताकडे सोपवतो. वस्तूचे स्वरूप बहुसंख्यांच्या संमतीने ठरते हे नैयायिकाला मान्य होणार नाही, आणि ज्या एक-तृतीयांशांनी संमती दिली नाही, त्यांनी कोणत्या वस्तूसाठी हप्ते भरले, याचे उत्तर त्या तरतुदीत नाही.