कुपीतील प्रथिन आणि आपला सदसद्विवेक

प्रयोगशाळेच्या शीतकपाटात एक चिमुकली कुपी असते. तिच्या तळाशी दिसेल न दिसेल एवढी पांढरी भुकटी. वेष्टनावर ‘पुनर्संयोजित मानवी प्रथिन’ असे नाव, काही मायक्रोग्रॅम एवढे वजन आणि ‘केवळ संशोधनासाठी’ ही सूचना. ‘मानवी’ हा शब्द वाचून श्रद्धावंताचे मन क्षणभर थबकते. हे कोणाच्या देहातून काढले असावे?

वास्तविक ते कोणाच्याही देहातून काढलेले नसते. प्रथिन कसे घडवावे याची आज्ञा जनुकात लिहिलेली असते. त्या आज्ञेची नक्कल जीवाणूत, यीस्टमध्ये वा प्राण्याच्या पेशीत बसवली की ती पेशी ते प्रथिन घडवू लागते. १९७८ साली अमेरिकेत मानवी इन्सुलिन असेच ई. कोलाय जीवाणूकडून घडवून घेण्यात आले आणि १९८२ साली त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. तोवर मधुमेही रुग्णांची भिस्त गाईडुकरांच्या स्वादुपिंडावर होती. येथे आक्षेपास जागा नाही. कृतज्ञतेस मात्र आहे.

तेव्हा ‘मानवी’ या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. नैतिक प्रश्न प्रथिनाच्या नावात नसून ते ज्या पेशीत घडले त्या पेशीत आहे. अशा कामासाठी जगभर वापरली जाणारी एक पेशीमालिका ‘एचईके-२९३’ या नावाने ओळखली जाते. १९७३ साली नेदरलँड्समधील लायडन येथे ॲलेक्स व्हॅन डर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहम यांनी ती सिद्ध केली. मूळ पेशी एका मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातील होत्या. त्या गर्भाविषयीच्या नोंदी स्पष्ट नाहीत. तो गर्भपात असावा असे बहुधा मानले जाते. २९३ हा प्रयोगाचा क्रमांक. बाळाला नाव मिळाले नाही, त्याच्या पेशींना मात्र क्रमांक मिळाला. त्याच पेशी आजतागायत विभाजित होत आहेत. त्यासाठी नवा गर्भ लागत नाही.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत येऊन गेला आहे. २०२१ साली आपल्यापैकी अनेकांनी घेतलेली, पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड लस याच पेशींत वाढवलेली होती. त्याआधी, २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकनने स्पष्ट केले होते की, निर्दोष लस उपलब्ध नसेल तर अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे. कारण मूळ दुष्कृत्याशी लस घेणाऱ्याचा संबंध अतिशय दूरचा आहे आणि त्या कृत्यास त्याची संमती नाही. दुष्कृत्यास मनाने संमती देणारे सहकार्य आणि संमती नसलेले केवळ बाह्य सहकार्य हा भेद संत आल्फोन्स लिगोरी यांनी अठराव्या शतकातच विशद केला आहे.

परंतु रुग्णास मिळालेली ही मुभा संशोधकास आपोआप लागू होते काय? मला तसे वाटत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौल मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा प्रश्न हाताळतात. बाजारातून मांस विकत घेणाऱ्याने फार चौकशी करू नये, असे ते सांगतात. पण मूर्तीच्या मंदिरात जेवायला बसणाऱ्याला ते सावध करतात, कारण त्याला पाहून दुर्बळ बंधूचा सदसद्विवेक डळमळतो. रुग्ण हा बाजारातील ग्राहक होय. संशोधक पाकगृहाच्या अधिक जवळ उभा असतो. म्हणूनच २००८ सालच्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या शिकवणपत्रात ख्रिस्तसभा संशोधकांवर अधिक कठोर कर्तव्य सोपवते: अशा सामग्रीपासून त्यांनी दूर राहावे, म्हणजे मानवी जीवनाच्या मूल्याविषयी त्यांची साक्ष संदिग्ध राहणार नाही. त्याच पत्रात जबाबदारीच्या पायऱ्याही मानल्या आहेत. निर्णय घेणाऱ्याचा भार आणि ज्याच्या हाती निर्णयच नाही त्याचा भार सारखा नसतो.

कोणी म्हणेल, जीवाणूला प्रत्येक प्रथिन जमत नाही. हे खरे आहे. कित्येक मानवी प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या जडलेल्या असतात आणि त्या ई. कोलायला जडवता येत नाहीत. तथापि, चिनी हॅमस्टर या लहानशा प्राण्याच्या पेशी हे काम बहुतांशी करतात. अनेक औषधे त्यांतच घडतात. पर्याय शोधण्याची तसदी न घेता ‘सगळेच वापरतात’ असे म्हणणे ही सोय झाली, विवेक नव्हे.

आपल्या घरातील मुले-मुली आज औषधनिर्मिती व जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करीत आहेत. त्यांना नोकरी सोडण्याची भीती घालू नये, आणि ‘विज्ञानात धर्म आणू नको’ असेही सांगू नये. मागणीपत्रक भरताना प्रथिन कोणत्या पेशीत घडले ही ओळ वाचावी, पर्याय असेल तर तो सुचवावा, वरिष्ठांनी नाकारला तर आपले मत नम्रपणे नोंदवावे, एवढे तरी त्यांना शिकवावे. ज्या बाळाचे नावही कोणी ठेवले नाही, त्याची आठवण निदान एका माणसाने ठेवली असे त्यामुळे होईल.