जावाचा आत्मा नेमका कुठे?

आज गीता 2.22, जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दृष्टांत.

आमच्या वरळीच्या बायकवाल्या मित्रांत हा श्लोक हमखास निघतो, तोही जावावरून. म्हैसूरची जुनी जावा टू-स्ट्रोक. किक आणि गिअरचा दांडा एकच. 2018 मध्ये क्लासिक लेजंड्सने हे नाव परत आणलं. कंपनीत मोठा हिस्सा महिंद्राचा, म्हणजे इथल्याच महिंद्रा टॉवर्सवाल्यांचा. 293 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन मात्र महिंद्रा मोजोच्या इंजिनावर बेतलेलं. एक गट म्हणतो, "आत्मा तोच, शरीर नवं." दुसरा म्हणतो, "छे, मोजोला जावाचे कपडे घातलेत!" 2019 मध्ये टोयोटाची सुप्रा बीएमडब्ल्यूचं इंजिन घेऊन परतली, तेव्हा कारवाल्यांचं भांडणही हेच.

गंमत बघा, दोघंही 'देही' शोधतायत. एक टाकीवरच्या नावात, दुसरा इंजिनात. पण श्लोकातला देही वस्त्रं बदलणारा आहे, आणि गाडीत तसा कोणी नाहीच. नाव, इंजिन, ते दोन सायलेन्सर, सगळी वस्त्रंच. इंजिन वाटून घेण्यात मला फसवणूक दिसत नाही. लपवलं असतं तर दिसली असती. (आम्ही कोडवाले एकच लायब्ररी दहा अ‍ॅपमध्ये घालतो, कुणाचं काही जात नाही.)

मग जावाचं नाव निघालं की गळा का दाटतो? बाबांच्या पुढ्यात टाकीवर बसलेला तो मुलगा आठवतो म्हणून. त्याची उंची, आवाज, दात, सगळं बदललं. तरी सांगताना आपण म्हणतो, "मी बसायचो." हा 'मी' कोणता, ते कुणी विचारत नाही.

उद्या 2.23.