गॅस असेल, दुसरं काही नाही

छातीत दाटून येतं, डावा हात जड होतो, कपाळावर घाम फुटतो आणि घरातला कर्ता माणूस म्हणतो, "काही नाही, गॅस असेल." ओवा चावून होतो, सोडा पिऊन होतो, कुणीतरी पाठीवरून हात फिरवतं. गॅस असावा असं वाटणं आणि गॅसच आहे असं मानणं, यांत त्या रात्री कुणी फरक करत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो. ईसीजी काढायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यात काय निघेल या भीतीपोटी सकाळ होण्याची वाट पाहिली जाते आणि काही घरांत ती सकाळ फार उशिरा आलेली असते.

मनाचे मांडे खाण्याचा हा प्रकार आपण रोज करतो आणि त्याला 'सकारात्मक राहणं' असं चांगलं नाव देतो. ऱ्होंडा बर्न यांचं 'द सीक्रेट' २००६ साली आलं आणि मनात जे घट्ट धराल ते विश्व तुमच्याकडे पाठवेल, ही कल्पना जगभर पसरली. आता सकाळी फोन उघडला की तेच समोर येतं. तरुण मुलं वहीत एकच इच्छा सकाळी तीनदा, दुपारी सहा वेळा, रात्री नऊ वेळा लिहितात. मला त्या मुलांचा राग येत नाही. राज्यसेवेच्या काही शे जागांसाठी लाखांत अर्ज येत असतील, तर माणूस हाताला लागेल ते धरतो. पण त्या वहीच्या भरवशावर झोप, जेवण आणि तपासण्या सुटल्या, तर कुणीतरी त्यांना थांबवायला हवं, असं मला फार वाटतं.

कारण ताण खरा असतो आणि तो शरीरात उतरतो. संकटाची चाहूल लागली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी आधी ॲड्रेनलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल. नाडी धावते, रक्तदाब चढतो, यकृत साखर मोकळी करतं, पचन बाजूला पडतं. समोर वाघ असेल तर या तयारीने जीव वाचतो. वाघ मात्र येतो आणि जातो. घराचा हप्ता, रात्रपाळी, अंथरुणाला खिळलेले वडील हे जात नाहीत. मग झोप उडते, मान आखडते, पित्त उसळतं, पाळी पुढे-मागे होते. रक्तदाब तर बहुतेकदा काहीच न जाणवता वाढलेला राहतो. म्हणूनच 'आता बरं वाटतंय' म्हणून बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं मला त्या गॅसच्या गोष्टीइतकंच धोक्याचं वाटतं.

चांगला विचार केल्याने निदान नुकसान तरी होत नाही ना? जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगन यांनी आपलं बरंचसं आयुष्य याच प्रश्नाला दिलं. वजन कमी करण्याच्या वर्षभराच्या उपचारात दाखल झालेल्या स्त्रियांचा त्यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. 'मला हे जमेल' असा अंदाज ज्यांना होता त्यांचं वजन जास्त उतरलं. पण आपण सडपातळ झालो आहोत, मोहाचे पदार्थ समोर आले तरी सहज नाही म्हणतो आहोत, अशी गोड चित्रं ज्या रंगवत होत्या, त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरलं. पुढे खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांतही त्यांना असंच दिसलं. बरं होण्याची वाजवी खात्री असलेले लवकर हालचाल करू लागले, जिने चढू लागले. शस्त्रक्रियेनंतर आपण कसे मजेत फिरू या स्वप्नात रमलेले मागे राहिले.

आपल्याकडे गुडघा बदलणाऱ्या कितीतरी आज्या-आजोबांकडे पाहून मला हा अभ्यास पटतो. खात्री आणि स्वप्न बाहेरून सारखीच दिसतात, पण खात्रीच्या मागे अनुभव असतो: मागच्या वेळी मी व्यायाम केला होता, डॉक्टरांनी सांगितलेलं पाळलं होतं, म्हणून याही वेळी जमेल. स्वप्नात मात्र सगळं आधीच मिळून गेलेलं असतं. पुढच्या एका अभ्यासात ओटिंगन आणि त्यांच्या सहकारी हीदर कॅप्स यांना अशा गोड कल्पनांनंतर लोकांचा वरचा रक्तदाब किंचित उतरलेला आढळला, म्हणजे अंगातली कामाची तयारीच सैलावलेली. घाबरलेल्या जिवाला घटकाभर तो विसावा हवासा वाटेल, आणि तो घ्यावाही. पण फिजिओथेरपिस्टने सांगितलेले दुखरे व्यायाम करायला उठायचं असतं, तेव्हा तीच सैल पडलेली तयारी लागते.

आणि ज्यांना बरं वाटत नाही, त्यांचं काय? चांगले विचार चांगलं आणतात, हे मानलं की आजार वाईट विचारांनी आला, हे ओघानेच येतं. अमेरिकन लेखिका बार्बरा एरनराइक यांना स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा राग आणि भीती व्यक्त करायलाही आसपास जागा नाही हे त्यांना जाणवलं. सतत हसतमुख राहण्याच्या या सक्तीवर त्यांनी २००९ साली 'ब्राइट-सायडेड' हे पुस्तक लिहिलं. आपल्याकडे हेच मायेने केलं जातं. "तू फार विचार करतेस, म्हणून तुला हे झालं," असं केमो चालू असलेल्या बाईला भेटायला आलेली नणंद सांगते. तिच्या मनात वाईट नसतं. तरी त्या क्षणी आजाराच्या ओझ्यावर अपराधाचं ओझं चढतं आणि ते उचलायला रुग्णाच्या अंगात बळ नसतं. हे बोलणं आपण थांबवलं पाहिजे.

'सगळं टेन्शनमुळे' हेही असंच एक सोयीचं उत्तर आहे. पोटातल्या अल्सरचा ठपका कितीतरी वर्षं काळजीवर आणि तिखटावर ठेवला गेला. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली स्वतः जिवाणूंचं द्रावण पिऊन जठराला सूज आणून दाखवली. पुष्कळशा अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो आणि तो औषधाने जातो, हे मग मान्य झालं. २००५ साली मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो. मन शांत करण्याच्या नादात पोट तपासायचं राहू नये.

दुसऱ्या बाजूने, ताण दर वेळी मनातच जन्मतो असंही नाही. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त, असं त्यात निघालं, आणि धूम्रपान-रक्तदाबाचा हिशेब केल्यावरही हा फरक पुरता मिटला नाही. आपल्या कामावर आपलं किती चालतं, याचाही त्यात वाटा असल्याचं पुढच्या अभ्यासात दिसलं. डबल ड्यूटी करणाऱ्या कंडक्टरला सकारात्मक विचारांचं शिबिर देण्याआधी साहेबांनी त्याची ड्यूटी पाहावी.

श्रद्धेशी माझं भांडण नाही. हरिपाठाने ज्याचा श्वास संथ होतो, त्याला खरोखर आराम मिळतो. फक्त तो आराम गोळीच्या आणि तपासणीच्या जोडीने असावा, त्यांच्या जागी नसावा.

ओटिंगन यांची शिकवण साधी आहे. इच्छा ठेवा, मग तिच्या आड काय येतं ते स्वतःला खरं खरं सांगा आणि त्या अडथळ्यापुरतं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. बीपी आटोक्यात यावं ही इच्छा. रात्री अकरानंतर जेवण आणि एकपर्यंत फोन, हा अडथळा. मग फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावायचा. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून शांत बसावं, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहावेत आणि १३५ किंवा ८५ च्या वर राहत असतील, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं. मनच उभारी धरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.