वेग कोणाच्या मालकीचा?

आमच्या घरामागे आंब्याच्या झाडाखाली वडिलांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नंबर लावून काही वर्षे वाट पाहिल्यावर १९८४ साली ती दारात आली. बाप्तिस्मे, लग्ने, दफनविधी, सर्वांना तिने कुरकुर न करता नेले-आणले. गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने तिच्यावरची धूळ झटकली आणि जाहीर केले, "काका, हिला आता पळती करायची."

हा हट्ट नवा नाही. ज्या काळी दुसरी मोटार मिळणेच दुरापास्त होते, त्या काळी हाती आहे तिच्यातूनच अधिक काही काढावे ही ऊर्मी स्वाभाविक होती. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, आणि त्यांत याच जातीच्या फियाट गाड्या धावत. कृती ठरलेली असे. सिलिंडर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे; हवा-पेट्रोल आत येण्याच्या वाटा गुळगुळीत करायच्या; मोठा कार्बोरेटर चढवायचा; धूर मोकळा जाईल असा एक्झॉस्ट बसवायचा. १०८९ सीसीचे ते इंजिन मुळात कुटुंबाला बाजारहाट करवून आणण्यासाठी घडवलेले. पण जाणत्या हातांना ते प्रतिसाद देई. हेड अती घासले तर मात्र इंजिन खडखडू लागे.

खरे सांगायचे तर आम्हांला या खटाटोपात पाप दिसत नाही. यंत्राचा स्वभाव ओळखून त्याची सुप्त शक्ती जागी करण्यात एक निर्मळ आनंद आहे, आणि आजच्या मुलाला बोटे काळी करून घ्यावीशी वाटतात हे तर आम्हांला भाग्यच वाटते. (मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने फेरफारांवर बंधने घातली आहेत, हे त्याला आम्ही सांगितले. त्याने मान डोलावली, पण ती तरुणांच्या रीतीने.)

आमची अडचण निराळीच आहे, आणि ती एका वृद्ध मिस्त्रीने दाखवून दिली. बॉनेट मिटत तो म्हणाला, "हेड घासून द्या म्हणणारे पुष्कळ आले, साहेब. ब्रेक बघा म्हणणारा येतो तो टक्कर झाल्यावर."

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर गेला तर तो एक-तृतीयांशाने वाढतो. गतिज ऊर्जा मात्र पाऊणपटीहून अधिक वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. थांबताना ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो, लायनरची पकड सुटत जाते, आणि पायाखालचे पेडल रिकामे वाटू लागते. आता विचार करावा, इंजिनाची मौज कोणाची? चालवणाऱ्याची. ब्रेक कोणासाठी? पुष्कळ अंशी रस्त्यातल्या अनोळखी माणसासाठी. शोलावरमला उतरणाऱ्याने धोका पत्करूनच हेल्मेट चढवलेले असे. पण भाजीची पाटी घेऊन बाजाराकडे निघालेली बाई, सायकलवरून शाळेला जाणारे पोर, यांची संमती आम्ही केव्हा घेतली?

१९९२ च्या कॅथोलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात वेगाच्या हव्यासाचा विचार पाचव्या आज्ञेखाली, म्हणजे 'खून करू नको' या आज्ञेखाली, केला आहे. त्या हव्यासापायी रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला तेथे मद्यपीच्याच पंगतीत बसवले आहे. प्रथम वाचले तेव्हा हे आम्हांला कठोर वाटले होते. दारूच्या बाटलीला हात न लावणारी किती सज्जन माणसे घाटात वळणावर ओव्हरटेक करतात!

पुतण्याचेही एक म्हणणे आहे, आणि ते टाकाऊ नाही. दुबळी गाडी ट्रकला ओलांडताना समोरच्या वाहतुकीत अधिक वेळ अडकून राहते. थोडी जादा शक्ती असती तर ती लवकर सुरक्षित बाजूला येईल. आम्ही निरुत्तर झालो, आणि म्हणालो, मग आधी ब्रेक. शू, व्हील सिलिंडर, रबरी नळ्या, टायर, सारे नवे, इंजिन त्यानंतर. हा तोडगा आम्हांला बरेच दिवस पुरेसा वाटला.

तो पुरेसा नसावा, अशी शंका आता येते. जर्मनीतील म्युनिक शहरात १९८० च्या दशकात काही टॅक्सींना चाके न अडकवणारे एबीएस ब्रेक बसवून त्यांची तुलना साध्या ब्रेकच्या टॅक्सींशी करण्यात आली. अपघात कमी झाले नाहीत. चांगल्या ब्रेकच्या भरवशावर चालक अधिक बेफिकिरीने हाकू लागले होते. म्हणजे अनोळखी माणसासाठी म्हणून जे बसवले, तेही चालवणाऱ्याने आपल्याच खात्यावर जमा करून घेतले. मग मिस्त्रीने नेमके कोठे हात घालावा? आम्हांला याचे उत्तर सापडलेले नाही.

तूर्त ब्रेकचे काम पुरे झाले आहे आणि पुतण्याचे पैसे संपले आहेत. सिलिंडर हेड जसेच्या तसे आहे. रविवारी तो आम्हांला मिस्साला नेतो, ताशी चाळीसने. मागून रिक्षावाले हॉर्न देतात, आणि त्याचे कान लाल होतात.