उत्सवाचा दुसरा दिवस

उत्सवाचे पावित्र्य स्थळात असते, काळात असते की एकत्र जमलेल्या माणसांत असते, हा प्रश्न आपल्याच गावी राहणाऱ्याला सहसा पडत नाही, कारण तेथे ही तिन्ही एकमेकांत मिसळून गेलेली असतात. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना मात्र त्याचा निवाडा प्रत्येक सणाला नव्याने करावा लागतो, आणि म्हणूनच आर्मेनियन लोकांच्या पंचांगाचा विचार मला धर्मचिंतनाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

१६०४ साली इराणच्या शाह अब्बासाच्या फर्मानाने अरस नदीकाठचे जुल्फा शहर उठले आणि तेथील आर्मेनियन रहिवाशांना इस्फहानजवळ नवी वसाहत करावी लागली. तिच्यातले व्यापारी पुढे हिंदुस्थानच्या बंदरांत स्थिरावले. आपल्या मुंबईच्या कोटात १७९६ साली उभे राहिलेले संत पीटरचे चर्च याच लोकांचे. आणि कलकत्त्यात १७२४ साली बांधलेल्या नाझरेथच्या चर्चमध्ये आजही ख्रिस्तजन्म साजरा होतो तो ६ जानेवारीला, कारण जन्म आणि बाप्तिस्मा यांचा एकत्र उत्सव करण्याची प्राचीन चाल आर्मेनियन चर्चने सोडलेली नाही. त्या दिवशी पाण्यात क्रूस बुडवतात, त्यात ‘म्यूरोन’ या पवित्र तेलाचे थेंब टाकतात, आणि ते तीर्थ घरोघर नेले जाते. हे तेल काथोलिकोस, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, सामान्यतः सात वर्षांनी आर्मेनियातील एच्मिआद्झिन येथे सिद्ध करतात आणि नव्यात जुने मिसळतात. तेव्हा हुगळीकाठच्या त्या पात्रात मूळ भूमीचा अंश केवळ भावनेने नव्हे, तर द्रव्यरूपाने उतरलेला असतो.

ऑगस्टमध्ये मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला द्राक्षांना आशीर्वाद देतात, आणि तोवर द्राक्ष तोंडात न घालण्याचा नेम पाळतात. अरारातच्या खोऱ्यात तेव्हा वेली भरलेल्या असतात. बंगालात भर पावसाळा असतो आणि फळ बाजारातून आणावे लागते. एवढ्याने विधी पोकळ ठरतो, असे मला वाटत नाही. द्राक्षे विकतची असली तरी तोपर्यंतचा निग्रह विकत आणता येत नाही.

परंतु या पंचांगातले सर्वांत गंभीर तत्त्व मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. वर्षातल्या पाच महोत्सवांपैकी प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवशी ‘मेरेलोत्स’ हा मृतांचा दिवस येतो. आदल्या दिवशी मनुके घातलेला भात आणि मासे यांच्या पंगतीला जमलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी कबरींपाशी जाते, धूप जाळते, आणि पुरोहित आत्म्यांसाठी शांतिप्रार्थना म्हणतो. आनंदाचा हिशेब मृतांना वगळून पुरा होत नाही, हे त्या चर्चने नियमानेच ठरवून टाकले आहे. हयात नातलग चार देशांत विखुरलेल्या घराला या नियमाचे मोल अधिकच कळत असले पाहिजे.

मग ज्यांच्या मृतांना कबरच नाही, त्यांनी जावे कोठे? १९१५पासूनच्या आर्मेनियन संहारात अनातोलियातून हाकलली गेलेली, सिरियाच्या वाळवंटात देर अझ-झोरच्या वाटेवर मेलेली माणसे कोठे पुरली गेली, किंवा पुरली तरी गेली की नाही, हे त्यांच्या वारसांना ठाऊक नाही. ज्यांची मृत्युतिथी कळलेली नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे. धर्मशास्त्राने अज्ञाताला दिलेली ती सवलत करुणेतूनच आलेली आहे, अशी माझी श्रद्धा आहे. आर्मेनियन चर्चने २३ एप्रिल २०१५ रोजी याहून मोठे पाऊल उचलले. त्या संहारात बळी पडलेल्यांना संतपद दिले, आणि त्यामुळे त्यांच्यासाठीची शांतिप्रार्थना थांबली. संतांसाठी प्रार्थना करायची नसते, त्यांच्याकडे मध्यस्थीची याचना करायची असते.

हा निर्णय मला उदात्त वाटतो, आणि त्यातली अडचणही खरी वाटते. वाटेत मेलेल्या लहान भावासाठी एखादी आजी आयुष्यभर रडली असेल, तर तिच्या नातीने आता त्या मुलाचे सांत्वन करायचे की त्याच्याकडे सांत्वन मागायचे? उपासनेपुरते उत्तर चर्चने दिले आहे, आणि ते त्याच्या अधिकारातले आहे. घरातला शोक मात्र त्या अधिकाराच्या कक्षेत येत नाही. संत झालेल्या मुलासाठीही, तो मूल होता म्हणून, रडण्याचा हक्क त्याच्या कुटुंबाकडे राहिला पाहिजे.